चाप मऊ होतो म्हणजे नेमके काय होते

रिव्हॉल्व्हरचा चाप ओढताना एकाच बोटाला बरीच कामे करावी लागतात. घोडा मागे उचलायचा, त्याच्यामागची मुख्य स्प्रिंग दाबायची, गोळ्यांचा सिलिंडर एका घराने पुढे फिरवायचा आणि नवे घर नळीच्या अगदी समोर आले की त्याला तिथेच अडकवायचे. एवढे झाल्यावर घोडा सुटतो, पुढे आपटतो, गोळीच्या बुडातल्या टोपीवर पिन बसते आणि बार उडतो. बोटाचा हा प्रवास जेमतेम एक-दीड सेंटिमीटरचा असतो. तेवढ्यात सिलिंडर फिरवणारी पट्टी, सिलिंडर अडवणारी खिट्टी, घोड्याला उचलणारे चापाचे टोक आणि दोन-तीन स्प्रिंगा एकामागून एक कामाला लागतात. नव्या रिव्हॉल्व्हरमध्ये यातला प्रत्येक टप्पा बोटाला वेगळा जाणवतो. मध्येच अडखळल्यासारखे होते, कुठे खरखर लागते, शेवटी एकदम जड होते. तेच शस्त्र काही वर्षे वापरात राहिले की मालक सांगतो, चाप आता लोण्यासारखा चालतो. हा फरक खरा असतो, पण त्याचे श्रेय बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी जाते.

आधी दोन पद्धतींतला फरक. घोडा अंगठ्याने मागे ओढून ठेवला तर चापाला फक्त तो सोडायचे काम उरते. ही सिंगल अॅक्शन. त्यासाठी साधारण दीड ते दोन किलोचा जोर पुरतो आणि बोट दोन-तीन मिलिमीटरच सरकते. घोड्याला हात न लावता सगळे काम चापानेच करायचे ती डबल अॅक्शन, आणि तिला साडेचार ते सहा किलोपर्यंत जोर लागतो. चाप मऊ असण्या-नसण्याची सारी चर्चा या दुसऱ्या प्रकाराची आहे.

हा भार रचनेतच आहे. सॅम्युअल कोल्टने १८३६ मध्ये पेटंट घेतलेले रिव्हॉल्व्हर सिंगल अॅक्शनचे होते, म्हणजे प्रत्येक गोळीला अंगठ्याने घोडा ओढावा लागे. लंडनच्या रॉबर्ट अॅडम्सने १८५१ मध्ये अंगठ्याचे काम काढून सगळेच चापावर टाकले. झटापटीत ते सोयीचे होते, पण नेम धरून मारायला चाप फार जड पडे. १८५६ मध्ये फ्रेडरिक बोमाँट या ब्रिटिश अधिकाऱ्याने दोन्ही पद्धती एकाच शस्त्रात आणल्या आणि आजचे डबल अॅक्शन रिव्हॉल्व्हर तिथून सुरू झाले. जडपणाचे टोक पाहायचे असेल तर १८९५ चे रशियन नागां रिव्हॉल्व्हर पाहावे. त्यात चाप ओढताना सिलिंडर फिरतो आणि शिवाय पुढे सरकून नळीला घट्ट चिकटतो. हे जादा काम बोटाच्याच माथी येते आणि डबल अॅक्शनमध्ये चाप नऊ किलोच्या आसपास किंवा वर जातो. उलट टोकाला ब्रिटिशांचे .३८ एनफील्ड. १९३२ मध्ये सैन्यात आलेल्या या रिव्हॉल्व्हरच्या घोड्याचे शेपूट रणगाड्याच्या अडचणीच्या जागेत अडकते म्हणून १९३८ मध्ये कापून टाकण्यात आले. आता ते फक्त डबल अॅक्शननेच चालणार होते, म्हणून त्याबरोबर मुख्य स्प्रिंगही हलकी केली गेली. चाप हलका करायचा तर स्प्रिंगेला हात घालावा लागतो, हे त्या काळच्या शस्त्रकारांना पक्के ठाऊक होते.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात शस्त्रपरवाना ठाणे पोलीस आयुक्तालयाकडून मिळतो आणि सामान्य परवानाधारकाच्या कपाटात देशी रिव्हॉल्व्हर असेल तर ते बहुधा .३२ चे असते. कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्यात बनणारे हे सहा गोळ्यांचे शस्त्र जुन्या ब्रिटिश वेब्लीच्या वळणाचे आहे. वरची कडी सोडली की नळी खाली मोडते आणि रिकामी काडतुसे वर उचलली जातात. याच घराण्यात २०१४ च्या जानेवारीत ‘निर्भीक’ आले. टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे हे रिव्हॉल्व्हर स्त्रियांच्या पर्समध्ये मावेल असे म्हणून पुढे आणले गेले. पर्समध्ये मावले तरी बोटाचा प्रश्न उरतोच. अर्ध्या किलोचे शस्त्र आणि त्याचा चाप ओढायला त्याच्या वजनाच्या नऊ ते बारा पट जोर, हे गणित लहान पंजाच्या माणसाला सोपे नाही. हा जोर सरळ मागे न जाता किंचित डावी-उजवीकडे गेला तर हलकी नळी लगेच वळते. पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात १० सेंटिमीटर अंतर धरले, तर माशी एका मिलिमीटरने हलल्यावर १० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला जाते. म्हणून आखूड नळीच्या हलक्या रिव्हॉल्व्हरला चापाचा सुळसुळीतपणा लांब नळीच्या जड शस्त्रापेक्षा जास्त लागतो. प्रत्यक्षात तो त्यातच कमी मिळतो.

इथे वजन आणि खरखर या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. चापाचा एकूण जोर म्हणजे स्प्रिंगांचा जोर अधिक घर्षण. समजा, पाच किलोच्या चापात चार किलो स्प्रिंगांचे आहेत आणि एक किलो घर्षणाचे. वापराने कमी होऊ शकतो तो या शेवटच्या एका किलोचा काही भाग. चार किलो तसेच राहतात, आणि राहायलाच हवेत, कारण त्याच स्प्रिंगेच्या जोरावर घोडा टोपी फोडतो. तरीही तो थोडासा फरक बोटाला मोठा वाटतो. घर्षण सगळीकडे सारखे पसरलेले नसते, ते ठिकठिकाणी अडते, आणि बोटाला एकसारखा जडपणा सहज सोसतो पण मधली अडखळ सोसत नाही.

अडखळ येते कुठून, हे समजायला धातूच्या पृष्ठभागाकडे बारकाईने पाहावे लागते. मिलिंग मशीनवरून उतरलेला पोलादी तुकडा डोळ्यांना गुळगुळीत दिसतो, पण त्यावरचे चढउतार साधारण दीड ते तीन मायक्रॉनचे असतात. ग्राइंडिंग केले की ते अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास येतात आणि लॅपिंग केले तर आणखी खाली. माणसाचा केस सत्तर-एक मायक्रॉन जाडीचा धरला तर हे आकडे किती सूक्ष्म ते कळते. पण दोन पोलादी भाग एकमेकांवर टेकतात ते या सूक्ष्म शिखरांवरच. केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर या शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले की दोन पृष्ठभाग प्रत्यक्ष भिडतात ती जागा दिसणाऱ्या जागेचा अगदी छोटा अंश असते. सगळा भार त्या मूठभर शिखरांवर येतो, ती एकमेकांना चिकटतात, घासतात, तुटतात. त्यावर कापणीच्या हत्याराने सोडलेल्या रेघा आणि कडेला राहिलेले बर, म्हणजे धातूचे बारीक काटे, यांची भर पडते. चापाच्या टोकाची रेघ घोड्याच्या खाचेतल्या रेघेवरून आडवी गेली की बोटाला ‘खर्र’ असे जाणवते.

हे ज्ञान अंबरनाथला नवे नाही. तिथल्या आयुध निर्माणीत रिव्हॉल्व्हर बनत नाही. अलौह धातूंचे काम हा तिचा व्यवसाय, काडतुसांसाठी लागणारे पितळी कप हा त्यातलाच एक माल. पण तिच्या शेजारची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी नावाप्रमाणे यंत्रे बनवणारी यंत्रे घडवण्यासाठी उभी राहिली. २०२१ च्या १ ऑक्टोबरला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या तेव्हा पहिली यंत्र इंडियाकडे गेली आणि दुसरी आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे. लेथच्या बेडवर निळा रंग लावायचा, वर सरकणारा भाग फिरवून रंग कुठे उडाला ते पाहायचे आणि उंच राहिलेला ठिपका स्क्रेपरने खरवडायचा, हे फिटरचे काम या परिसरातल्या आयटीआयच्या मुलांना शिकवले जाते आणि एमआयडीसीतल्या जुन्या कारागिरांच्या हातात मुरलेले असते. रिव्हॉल्व्हरचे कारखाने एकेकाळी अशाच फिटरांवर चालत. प्रत्येक शस्त्राचा घोडा आणि चाप एकमेकांना जुळवून, बारीक दगडाने घासून बसवला जाई, आणि जुन्या इंग्रजी-अमेरिकन रिव्हॉल्व्हरांच्या मऊ चापाची जी ख्याती आहे तिचा मोठा वाटा या हातकामाचा आहे. हातकाम महाग झाले तसे ते कमी झाले. मग जे काम फिटरने करायचे ते मालकाच्या बोटावर सोपवले गेले, असे म्हणायला हरकत नाही.

वापराने काय होते ते आता सांगता येईल. नव्या शस्त्राचा चाप ओढला जाऊ लागला की सगळ्यांत उंच शिखरे आधी झिजतात किंवा दबून सपाट होतात. भार जास्त जागेवर पसरतो, प्रत्येक बिंदूवरचा दाब उतरतो आणि झीजही आपोआप मंदावते. यंत्रशास्त्रात याला रनिंग-इन म्हणतात. नवी स्कूटर घेतल्यावर पहिले काही शे किलोमीटर जपून चालवायची जुनी रीत त्यातूनच आलेली. रिव्हॉल्व्हरच्या बाबतीतही सुरुवातीच्या काही शे ओढींमध्ये फरक पटकन जाणवतो, पुढे तो हळूहळू येतो आणि एका टप्प्याला थांबतो. स्प्रिंगाही नव्या असताना किंचित बसतात, पण चांगल्या स्प्रिंगेत हा बदल अगदी थोडा असतो. घोडा आणि चाप यांना पाणी दिलेले असते, म्हणजे त्यांचा पृष्ठभाग कडक केलेला असतो. त्यामुळे तिथली झीज फार सावकाश होते. मऊ भाग मात्र लवकर घासला जातो. याचा अर्थ वापराने येणारा सुळसुळीतपणा सगळ्या सांध्यांत सारखा येत नाही आणि कुठे येईल ते मालक ठरवू शकत नाही.

यात तेलाचा वाटा धातूपेक्षाही मोठा असू शकतो. कोरड्या पोलादावर कोरडे पोलाद घासले तर घर्षणाचा गुणांक अर्ध्याच्या वर असतो. मध्ये तेलाचा पातळ थर आला की तो दहाव्या हिश्श्याच्या आसपास उतरतो. कारखान्यातून आलेल्या शस्त्रात गंज लागू नये म्हणून जाड ग्रीस भरलेले असते. ते साफ करून पातळ तेलाचे दोन थेंब योग्य जागी गेले की चाप एका संध्याकाळीत बदलतो. अनेकदा ‘वापरून वापरून’ मऊ झाला म्हणून सांगितला जाणारा चाप खरे तर ग्रीस निघून गेल्यामुळे मऊ झालेला असतो. घराघरांत शिवणयंत्राचे तेल वापरतात, ते थोडे आणि वेळच्या वेळी बदलले तर चालते. खोबरेल मात्र या कामाचे नाही. ते २४ अंशांच्या खाली गोठू लागते, आणि थंडीत बदलापूरची सकाळ त्याहून बरीच खाली जाते.

वापराची वाट पाहण्याऐवजी कानस किंवा पॉलिश पेपर घेऊन बसण्याचा मोह अनेकांना होतो. त्याचे परिणाम शस्त्रकारांना चांगले माहीत आहेत. घोड्याची खाच आणि चापाचे टोक जिथे भिडतात तिथला कोन ठरलेला असतो. तो किंचित बदलला किंवा कडा गोल झाली की ओढलेला घोडा हलक्या धक्क्यानेही सुटू शकतो. कडक थर एक मिलिमीटरचाही नसतो. तो घासून गेला की आतला मऊ धातू उघडा पडतो आणि झीज थांबायचे नाव घेत नाही. मुख्य स्प्रिंगेचे एक-दोन वेढे कापले तर चाप हलका होतो खरा, पण घोड्याची धडक कमी पडून टोपी फुटत नाही. स्वसंरक्षणासाठी ठेवलेल्या शस्त्रात यापेक्षा वाईट दोष नाही. आणि हे सगळे कायद्याच्याही बाहेर जाते. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे शस्त्रांची दुरुस्ती, बदल किंवा चाचणी करायला वेगळा परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना म्हणजे ते उघडून घासण्याची परवानगी नव्हे.

मग रिव्हॉल्व्हर जुने झाले की ते इतके वेगळे का वाटते? कारण या अवधीत सर्वांत जास्त बदललेली गोष्ट शस्त्रात नसून हातात असते.

तर्जनी वाकवणारे स्नायू पुढच्या हातात, कोपराच्या खाली असतात आणि त्यांचा बाकीच्या बोटांच्या स्नायूंशी घट्ट संबंध असतो. तर्जनी जोराने ओढली की मधले बोट, अनामिका आणि करंगळीही नकळत आवळली जातात. पाच किलोच्या चापाला हे हमखास होते आणि मूठ आवळल्याबरोबर नळी खाली किंवा बाजूला जाते. शिवाय बार आणि धक्का येणार हे मेंदूला आधीच ठाऊक असल्याने तो क्षणभर आधी मनगट खाली ढकलतो. नवख्या माणसाला हे आपल्याकडून होते आहे याचा पत्ताही नसतो. तो म्हणतो, चाप खराब आहे. रेंजवर प्रशिक्षक याची सोपी परीक्षा घेतात. सिलिंडरमध्ये खऱ्या गोळ्यांबरोबर एखादी डमी कुठेतरी मिसळून देतात. घोडा डमीवर पडला, बार झाला नाही, तरी नळी खाली गोता खाते. त्यानंतर चापाबद्दलची तक्रार बहुतेकदा बंद होते.

यावरचा उपाय म्हणजे रिकाम्या शस्त्राने चाप ओढण्याचा सराव. नेमबाज त्याला ‘ड्राय’ म्हणतात. बार नाही, धक्का नाही, फक्त माशी, खाच आणि बोट. घोडा पडताना माशी जागची हलली का, एवढेच पाहायचे. डबल अॅक्शनमध्ये बोटाचे टोक न वापरता पहिल्या पेराची रेघ चापावर बसवली तर ताकद सरळ मागे जाते. सिंगल अॅक्शनला मात्र बोटाचा गाभाच बरा. काही जण सिलिंडर अडकल्याचा ‘टक्’ ऐकू येईपर्यंत ओढतात, तिथे थांबतात आणि मग उरलेले अंतर काढतात. संथ नेमबाजीत याचा फायदा होतो, पण घाईच्या वेळी ही सवय घात करते, म्हणून सुरुवातीपासून न थांबता एकाच गतीने ओढणे शिकवण्याकडे प्रशिक्षकांचा कल असतो. तितकेच महत्त्वाचे म्हणजे चाप पूर्ण पुढे सोडणे. घाईत तो अर्धवट सोडून पुन्हा ओढला तर आतले भाग जागेवर आलेले नसतात आणि सिलिंडर एक घर चुकवतो किंवा चाप अडकून बसतो. शस्त्राचा दोष म्हणून दुकानात आणली जाणारी ही तक्रार कित्येकदा बोटाची असते.

महाराष्ट्राला हा सराव परका नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ मध्ये चांगवोनच्या विश्वचषकात २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवले आणि २०१८ मध्ये जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेतही त्याच प्रकारात सुवर्ण जिंकले. तिथे निकाल शूट-ऑफपर्यंत गेला होता. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. तिचे पिस्तूल .२२ चे, आपोआप पुढची गोळी भरणारे. रिव्हॉल्व्हरशी त्याचे नाते नाही. पण या प्रकाराचे नियम बोटाच्या शिस्तीबद्दल बरेच सांगतात. चापाचा जोर किमान १००० ग्रॅम असावा लागतो. तो तपासताना नळी उभी धरून चापाला वजन अडकवतात आणि पिस्तुलाने ते पेलले तरच ते पास होते. म्हणजे चाप एका मर्यादेपलीकडे हलका करताच येत नाही. शीघ्र फेरीत लक्ष्य फक्त तीन सेकंद समोर येते आणि सात सेकंद वळलेले असते. त्या तीन सेकंदांत खाली असलेला हात उचलायचा, माशी जुळवायची आणि चाप ओढायचा. हे विचार करून जमत नाही, हजारो वेळा रिकामा चाप ओढून बोटाला पाठ व्हावे लागते. काडतुसे महाग आणि मोजून मिळणारी असल्याने भारतीय नेमबाजांच्या दिवसातला मोठा वेळ ड्रायमध्येच जातो. आता नळीवर छोटा संवेदक लावून चाप ओढण्याच्या आधीच्या एका सेकंदात नेम कसा फिरला याची रेघ संगणकावर पाहता येते. त्या रेघेतली शेवटची उसळी म्हणजे बोटाची चूक.

डबल अॅक्शन रिव्हॉल्व्हरची गोष्ट मात्र अमेरिकेत पाहावी लागते. मोंटानाच्या एड मॅकगिव्हर्नने १९३२ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, अर्ध्या सेकंदाहून कमी वेळात पाच गोळ्या झाडल्या. त्याचे शस्त्र डबल अॅक्शनचे होते, म्हणजे पाचही वेळा तो पूर्ण लांब चाप बोटाने ओढला गेला. १९९९ मध्ये जेरी मिक्युलेकने सहा गोळ्या, मग सिलिंडर रिकामा करून पुन्हा भरणे आणि आणखी सहा गोळ्या एवढे सगळे २.९९ सेकंदांत केले. दोघांचीही शस्त्रे निगुतीने जुळवलेली होती हे खरे, पण तेच शस्त्र दुसऱ्याच्या हाती दिले तर हा वेग येत नाही.

आपल्या शस्त्रात काय बदलले हे ज्याला जाणून घ्यायचे आहे त्याच्यासाठी एक साधी मोजणी आहे. नवे असताना रिकाम्या शस्त्राच्या चापाला वजनकाट्याचा आकडा अडकवून, घोडा पडण्याच्या क्षणाचा आकडा लिहून ठेवायचा. वर्षभराने पुन्हा मोजायचा. चाप खूपच मऊ झाला असे वाटत असतानाही दोन आकड्यांत बहुतेक वेळा थोडाच फरक निघतो. आकडा फारच उतरला असेल तर आनंद मानण्याऐवजी स्प्रिंग तपासून घ्यावी.

घरी रिकामा चाप ओढण्याचा सराव करायचा तर त्याची पथ्ये कडक आहेत आणि त्यांत सवलत नाही. रिव्हॉल्व्हरची एक सोय अशी की सिलिंडर उघडला की सहाही घरे एका नजरेत दिसतात. ती बोट घालून तपासायची, पुन्हा तपासायची आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवायच्या. नेम कधीही माणसाकडे, खिडकीकडे किंवा टीव्हीकडे नाही. इमारतीतली चार इंची भिंत गोळी अडवेल यावर भरवसा ठेवू नये, तिच्या पलीकडे शेजाऱ्याचे घर असते. सराव संपला की तो संपला. शस्त्र भरून ठेवल्यावर ‘अजून एकदा’ म्हणून ओढलेल्या चापाने अपघात होतात. २०१६ च्या शस्त्र नियमांनी नव्या अर्जदाराला शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण बंधनकारक केले आहे. खऱ्या गोळ्यांचा सराव वरळी किंवा बालेवाडीसारख्या अधिकृत रेंजवरच. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणे आणि त्यातून कुणाच्या जिवाला धोका होणे हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

रिकामा चाप ओढल्याने शस्त्र बिघडते का, यावर दुकानदारांत कायम वाद असतो. उत्तर शस्त्रावर अवलंबून आहे. .२२ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये पिन गोळीच्या कडेवर आपटते. गोळी नसेल तर ती सरळ सिलिंडरच्या घराची कड ठोकते, पिनेचे टोक चेपते आणि कडेला खाच पडते. त्यात रिकामा चाप ओढूच नये. .३२ सारख्या मधोमध टोपी असलेल्या शस्त्रात हा धोका नाही, पण जुन्या वळणाच्या रिव्हॉल्व्हरांत पिन घोड्यालाच जोडलेली असते आणि वारंवार रिकामी आपटली तर ती तुटू शकते. टोपीच्या जागी रबर किंवा स्प्रिंग असलेल्या डमी गोळ्या भरल्या की हा प्रश्न मिटतो. त्या खऱ्या गोळ्यांहून रंगाने वेगळ्या असाव्यात.

सुळसुळीतपणाची पुढची पायरी म्हणजे झीज, आणि दोन्हींमधली सीमा बोटाला कळत नाही. उलट झिजलेला चाप जास्तच गोड लागतो. म्हणून अधूनमधून काही गोष्टी पाहाव्या लागतात. रिकाम्या शस्त्राचा घोडा ओढून ठेवून अंगठ्याने मागून हलकेच ढकलावा. तो सुटला तर खाच गेली. चाप सावकाश ओढताना घोडा पडण्यापूर्वी सिलिंडर अडकला पाहिजे, सहाही घरांत. एखाद्या घरात तो मागे राहत असेल तर गोळी नळीच्या तोंडाशी तिरकी लागते, शिशाचे कण बाजूने उडतात आणि शेजारी उभ्या माणसाला लागतात. सिलिंडर अडकल्यावर तो डावी-उजवीकडे जास्त हलत असेल तर खिट्टी किंवा तिच्या खाचा झिजल्या. यातले काहीही आढळले तर ते शस्त्र परवानाधारक दुकानाकडे न्यायचे.

या पट्ट्यातल्या परवानाधारकांना एका तक्रारीचा अनुभव निवडणुकांच्या मागून येतो. आचारसंहिता लागली की छाननी समिती ठरवेल त्या परवानाधारकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. २०२४ मध्ये मे महिन्यात लोकसभेचे आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेचे मतदान झाले, त्यामुळे ज्यांच्याकडून दोन्ही वेळा जमा झाले त्यांची शस्त्रे त्या वर्षात बराच काळ बंद पडून होती. परत मिळाल्यावर चाप पूर्वीसारखा राहिला नाही, जड झाला, असे वाटते. धातूला बसून काही होत नाही. काही महिन्यांत आतले तेल घट्ट होऊन चिकट झालेले असते, पावसाळ्याच्या दमटपणात स्प्रिंगेवर गंजाची पुटे आलेली असतात, आणि बोटालाही सराव राहिलेला नसतो. बाहेरून जेवढे साफ करता येते तेवढे करून, नवे पातळ तेल घालून रिकामा चाप दहा-वीस वेळा ओढला की बहुतेक शस्त्रे मूळपदावर येतात. त्यानंतरही खरखर राहिली तर आतला गंज काढण्यासाठी बाजूचे झाकण उघडावे लागते, आणि ते काम परवानाधारक कारागिराचे.